गोठ्यातल्या मांजरावर ठपका ठेवण्याआधी

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गाय गाभडली की गोठ्यातल्या मांजराला पोत्यात घालून लांब सोडून यायचे, हा प्रकार जनावरांवर उपचार करताना मी अनेकदा पाहिला आहे. मांजरापासून गुरांना परजीवींची लागण होते, ही समजूत खोटी नाही. पण ती इतकी अर्धवट आहे की तिच्यापायी मांजर जाते आणि रोग गोठ्यातच राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मांजर आणि गुरे यांच्यात सामाईक असलेला सर्वांत परिचित परजीवी म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय. त्याचे लैंगिक प्रजनन केवळ मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यातच होते. लागण झालेला उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ल्यावर मांजराच्या विष्ठेतून या परजीवीच्या लाखो बीजकोशिका बाहेर पडतात. मात्र हे साधारणपणे पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच चालते आणि पुढे त्या मांजराच्या अंगी बहुधा प्रतिकारशक्ती येते. बाहेर पडलेली बीजकोशिका लगेच बाधक नसते, तिला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. पण एकदा पिकली की ओलसर मातीत ती वर्षभराहूनही अधिक काळ तग धरते. वैरणीतून किंवा पाण्यातून ती गुरांच्या पोटात जाते हे खरे, तरी गुरे या परजीवीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि त्यामुळे गाय गाभडणे विरळच. शेळ्या-मेंढ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात याच परजीवीमुळे कळपच्या कळप गाभडू शकतात.

मग गाईचा गर्भ कशाने जातो? कारणे अनेक आहेत, पण परजीवींपुरते बोलायचे तर पहिला संशय निओस्पोरा कॅनिनमवर घ्यायला हवा. परजीवीशास्त्रज्ञ जितेंद्र दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये या परजीवीचे वर्णन करून त्याला नाव दिले आणि 1998 मध्ये त्याचा अंतिम पोशिंदा, म्हणजे ज्याच्या आतड्यात त्याचे लैंगिक प्रजनन होते तो प्राणी, कुत्रा असल्याचे सिद्ध झाले. त्याच्या प्रसारात मांजराचा हात नाही. शिवाय लागण झालेली गाय तो गर्भातूनच कालवडीला देते, आणि ती कालवड पुढे आपल्या वासराला. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वस्तीला असलेल्या रोगासाठी मांजराला हद्दपार करून काय साधणार?

सार्कोसिस्टिस हिर्सुटा हा परजीवी मात्र खऱ्या अर्थाने या दोघांचा आहे. गुरांच्या स्नायूंतील त्याच्या गाठी कच्च्या मांसातून मांजराच्या पोटात जातात, मांजराच्या विष्ठेतून तो पुन्हा वैरणीवर येतो, आणि हे चक्र असेच फिरत राहते. यात दोष मांजराचा की त्याला कच्चे मांस टाकणाऱ्याचा, हे वाचकांनीच ठरवावे. गुरांना त्याचा त्रास सहसा फारसा होत नाही. ताप, रक्तक्षय, शेपटीच्या गोंड्याचे केस झडणे, प्रसंगी गर्भपात, ही दुखणी आणणारा सार्कोसिस्टिस क्रूझाय हा कुत्र्याकडून येतो. वासरांच्या हगवणीचेही तेच: तिच्यामागे पुष्कळदा क्रिप्टोस्पोरिडियम पार्वम हा परजीवी असतो आणि तो एका वासराकडून दुसऱ्याकडे जातो, मांजरातली त्याची नेहमीची जात वेगळी आहे.

एका गोठ्यात पाहिलेले दृश्य मी विसरू शकत नाही. भुशाची खोली सताड उघडी होती. मांजराच्या चार-पाच महिन्यांच्या एका पिल्लाने पुढच्या पंजाने भुशात खळगा केला, विष्ठा टाकली, वरून भुसा ओढला, वास घेतला, पुन्हा थोडा ओढला आणि ते निघून गेले. थोड्याच वेळात त्याच ढिगातून घमेले भरले गेले आणि गव्हाणीत रिकामे झाले. बीजकोशिका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. भुसा कितीही चाळला तरी ती सापडायची नाही.

पिल्लू शिकार करू लागले की त्याला पहिली लागण होते, आणि धोक्याचे ते आठवडे नेमके तेव्हाच येतात. म्हणजे गोठ्यात वर्षानुवर्षे राहिलेली प्रौढ मांजर ही तुलनेने निर्धोक असते, आणि तिला हाकलले की मोकळ्या झालेल्या जागी नवे, कोवळे मांजर येते. ज्याला मांजराचा धोका खरोखर कमी करायचा आहे, त्याने आहे ती मांजर सांभाळावी, तिची नसबंदी करून घ्यावी, तिला कच्चे मांस घालू नये आणि भुसा, पेंड, पाण्याची टाकी झाकून ठेवावी. गाभडलेला गर्भ आणि वार कुत्र्यांच्या तोंडी लागू न देता त्यांची खोल पुरून विल्हेवाट लावावी. मात्र त्याआधी तपासणीसाठी नमुने पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत पाठवावेत. घरात गर्भवती स्त्री असेल तर गाभडलेल्या शेळ्या-मेंढ्यांना आणि मांजराच्या विष्ठेला तिने हात लावू नये, कारण गरोदरपणातली टॉक्सोप्लाझ्माची पहिली लागण पोटातल्या बाळापर्यंत पोहोचू शकते.

आपल्या दैनिकात पशुधनाविषयी मजकूर येतो तेव्हा जनावरांच्या गर्भपाताच्या बातमीसोबत नमुने तपासले गेले का आणि अहवाल काय आला, हेही छापले जावे, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक