इंजिन सुरू झालं, आता आभार

जुन्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन घरीच खोललं तेव्हा बायको म्हणाली होती, हे परत जोडणार कोण, आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. परवा ते सुरू झालं. पहिल्या सेल्फला नाही, तिसऱ्या, पण झालं!

ज्यांची धड नावंही मला माहीत नाहीत त्या सगळ्यांचे आभार. पिस्टनच्या रिंगांचे गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) एका रेषेत ठेवू नको, फिरवून लाव असं दोनदा बजावणारे दादा. हेड बोल्ट (इंजिनचा वरचा भाग धरून ठेवणारे) मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तेही टप्प्याटप्प्यानं टॉर्क रेंचनेच (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) आवळायचे हे कागदावर आकृती काढून समजावणारे काका. आणि चालू करायच्या आधी ड्रिलने ऑइल पंप फिरवून प्रेशर येतंय का बघ म्हणणारे, मला वाटलं उगाच घाबरवतायत, पण कोरड्या बेअरिंगवर इंजिन फिरलं असतं तर एवढ्या महिन्यांची मेहनत मिनिटात गेली असती ना.

रंगाचं तर विचारूच नका. मी घाईत ग्रीस नीट न काढताच मारला आणि दोन दिवसांत सालपटं निघाली. मग एकानं न हसता सांगितलं (हे विशेष), डिग्रीझर, तारेचा ब्रश, परत डिग्रीझर, गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून मध्ये घालतात ते) बसतात तिथे मास्किंग टेप, उष्णता झेलणारा इनॅमलच घे आणि पातळ पातळ थर दे. आता चकचकतंय.

संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) गॅस्केटमधून थोडं ऑइल झिरपतंय अजून, ते बघतो रविवारी. थँक्यू मंडळी, अगदी मनापासून.