मनू, ऑर्डर करायच्या आधी एवढं वाच

मनू,

गुरुवारी तू फोन ठेवलास तेव्हा मी ठरवलं होतं की आता काही बोलायचं नाही, पोरगी कमावती आहे, डिझाइन-व्हिडिओच्या कामाला स्वतःच्या पैशांनी लॅपटॉप घेतेय, घेऊ दे. बाबांचंही तेच म्हणणं. पण "आई, तुला यातलं काय कळतं" हे तुझं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. राग नाही आला, खरंच. वाईट वाटलं. एकोणीस वर्षं मी स्क्रीनसमोर बसून छपाईची पानं लावली, आणि ज्या टेबलाखाली बसून तू चित्रं काढायचीस ते टेबल माझ्या कामाचंच होतं ना. व्हिडिओतलं मला येत नव्हतं हे मान्य. म्हणून दोन दिवस बसून वाचलं, दादाला फोन करून करून भंडावलं, तू पाठवलेल्या तिन्ही लिंका उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. आणि हे पण ठरवलंय की या पत्रात तुझ्या पाठीचा विषय काढणार नाही.

पहिली लिंक, १६ इंची गेमिंगवाला, ज्यावर तुझा जीव जडलाय. मशीन दणकट आहे, नाही म्हणत नाही. पण वजन २.३५ किलो लिहिलंय ते नुसत्या लॅपटॉपचं, चार्जर त्यात धरलेला नाही. असल्या २३०-२८० वॉटच्या चार्जरची वीट जवळपास पाऊण किलोची असते, आणि ती घरी ठेवून जाता येत नाही, कारण गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर चालवला की ग्राफिक्स कार्डला पुरेशी वीजच मिळत नाही आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले तो वेगच अर्धा होतो. म्हणजे तीन किलोच्या वर झालं. त्यात तुझे कॅमेऱ्याचे कार्ड, दोन हार्ड डिस्क, पाण्याची बाटली, ट्रायपॉड कोण उचलणार ते अजून ठरलेलं नाही असं तूच म्हणालीस. १ तारखेपासून तू त्या टीमबरोबर दोन महिने रोज फिरणार. रोज. मागच्या वर्षी तुला पलंगावरून उठता येत नव्हतं आणि फोनवर तू हसून सांगत होतीस की काही नाही गं, थोडी उसण भरलीये. डॉक्टर काय म्हणाले ते मला दादाकडून कळलं, तुझ्याकडून नाही.

काढलाच मी विषय. सॉरी. पुढे जाते.

दुसरी लिंक १.४ किलोची. खरं सांगते, वजन बघूनच मला आवडला, तुला लगेच फोन करणार होते की हाच घे. मग स्क्रीनची ओळ वाचली. ४५% एनटीएससी, स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं हे माप. हा आकडा दिसला की ती लिंक बंदच करायची मनू, एसआरजीबीच्या, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगांच्या, भाषेत ते साधारण ६०-६५ टक्के होतात, म्हणजे साध्या वेबसाइटवर जेवढे रंग दिसायला पाहिजेत तेवढेही ती स्क्रीन दाखवू शकत नाही. लाल विटका दिसणार, तू तो वाढवणार, आणि दुसऱ्याच्या फोनवर तोच लाल डोळ्यात घुसणार. डिझाइनसाठी एसआरजीबी पूर्ण १०० टक्के हवंच, व्हिडिओचं ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवणं, करतेस म्हणून डीसीआय-पी३ (सिनेमाचं, त्याहून मोठं रंगांचं माप) जवळपास पूर्ण असेल तर उत्तम, आणि बाहेर उजेडात बसणार तर स्क्रीनच्या प्रखरतेत ४०० निट्सच्या खाली जाऊ नकोस. १६:१० ची स्क्रीन घे, फुल एचडीच्या १०८० ओळींच्या जागी १२०० मिळतात, टाइमलाइनला एक ट्रॅक जास्त दिसतो.

स्क्रीनच्या बाबतीत मी हट्टी का आहे ते तुला माहीत असेल की नाही कोण जाणे, तू सहा वर्षांची होतीस. एक पुस्तकाचं कव्हर होतं, समुद्राचा निळा, मी स्क्रीनवर बघून बघून लावलेला, मालकांनी पण वा वा केलं. घाई होती, रंगीत प्रूफ काढलंच नाही. दोन हजार कव्हरं छापून आली आणि समुद्र जांभळा. स्क्रीनवरचा तो चमकदार निळा चार शाईंत बसतच नाही, सीएमवायकेत गेला की जांभळ्याकडे झुकतो, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं आणि कळलं नाही. पण सांगायचं ते वेगळंच आहे. छपाईच्या आठ दिवस आधी मी त्याचाच एक छोटा नमुना साध्या प्रिंटरवर काढून टेबलावर ठेवला होता आणि तू टेबलाखालून वर येऊन म्हणालीस, आई हा निळा नाहीये, हा वांग्याचा आहे. मी म्हटलं, प्रिंटरची शाई संपत आलीये गं, जा खेळ. तुझ्या डोळ्यांना दिसलं होतं ते. त्या महिन्याचे माझे पैसे कापले गेले त्याचं मला आता काही वाटत नाही, पण तुला जा खेळ म्हटलं ते अजून आठवतं. असे डोळे असलेल्या पोरीला ४५ टक्क्यांची स्क्रीन मी घेऊ देणार नाही, मग ती कितीही हलकी असो. बघ, वजनाच्या विरुद्ध पण मी बोलू शकते.

आता तू म्हणशील की म्हणूनच मोठा घेतेय, फोरके फुटेज हलक्या मशीनवर अडकतं. अडकतं, बरोबर आहे. एका फ्रेममध्ये ८२,९४,४०० ठिपके, फुल एचडीच्या चौपट, सेकंदाला पंचवीस वेळा. पण त्याला प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, आहेत ना! दादाने मला प्रॉक्सी समजावायला सुरुवात केली आणि मी त्याला मध्येच थांबवलं, कारण हे तर आम्ही करायचो. मोठे फोटो मशीनला झेपायचे नाहीत म्हणून पानात लो-रेज फोटो लावून सगळं काम उरकायचं आणि आउटपुटच्या आधी हाय-रेज जोडायचे. तेच तर आहे हे. फोरकेची ७२० ची प्रॉक्सी केलीस की ठिपके नवव्या हिश्शावर येतात, हलकं मशीनसुद्धा पळतं, कट करून झाले की मूळ फुटेज जोडून एक्स्पोर्ट लाव आणि झोप. एक्स्पोर्टला वीस मिनिटं जास्त लागली तर लागू देत, तेवढा वेळ पाठ टेक.

ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून भुलू नकोस. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपप्रमाणे ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवलेलं असतं, आणि दोन्हींच्या डब्यावर तेच लिहिलेलं. वॉट विचार. आणि तुझा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये एच २६५ (रंगांची जास्त माहिती दाबून साठवणारा प्रकार) देतो असं तू म्हणाली होतीस (बघ, लक्षात आहे माझ्या). हे फुटेज ४० सिरीजची कार्डं हार्डवेअरवर उलगडतच नाहीत, ५० सिरीजपासून ते आलं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधला क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडायचा भाग ते करतो, ॲपलच्या एम सिरीजच्या चिपा करतात. तुझ्या पहिल्या लिंकमध्ये एएमडीचा प्रोसेसर आणि ४० सिरीजचं कार्ड आहे. म्हणजे तीन किलो वाहून नेऊन सुद्धा तुझंच फुटेज अडखळणार. हे मी मुद्दाम शोधून काढलं नाही, दादाने दाखवलं, पण दाखवल्यावर बरं वाटलं हे लपवत नाही.

तिसरी लिंक मला पटते. १४ इंची, १.६ किलो, स्क्रीन पी३ पूर्ण, इंटेल, एसडी कार्डाची खाच आहे, आणि चार्जर टाइप सीचा १०० वॉटचा, म्हणजे फोनही त्यावरच होतो. फक्त १६ जीबीवाला घेऊ नकोस, ३२ चा घे. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवू म्हणून चालत नाही, आणि ते ॲनिमेशनचं आफ्टर इफेक्ट्स केवढी रॅम खातं ते तू मलाच सांगितलंस. स्क्रीन ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी) आहे तर टूलबार तासन्‌तास एकाच जागी ठेवून स्क्रीन चालू सोडू नकोस, ठसा राहतो. टाइप सीच्या खाचा दिसायला सारख्या, पण एक सेकंदाला १० गिगाबिटची असते आणि एक थंडरबोल्ट ४ ची ४० ची, फुटेजची डिस्क कुठे लावायची ते आधीच बघून घे. ॲपलकडे वळायचं असेल तरी माझी ना नाही, १४ इंची मॅकबुक प्रो १.५५ किलोच्या आसपास आहे, एसडीची खाच आहे, बॅटरीवर पण वेग तेवढाच राहतो. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे पण त्याला पंखा नाही, लांब एक्स्पोर्टला तापून हळू होतो.

साठवण १ टीबी पुरे, फुटेज बाहेरच्या एसएसडीवर. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फुटेज तासाला ४५ जीबी होतं, हिशोब मी दोनदा केला. फुटेजच्या प्रती तीन, त्यातली एक तुझ्या बॅगेत नसलेली. यावर भाषण देत नाही.

एक राहिलं. लॅपटॉपवर मान खाली घालून बसायचं नाही, घडीचा स्टँड आणि छोटा कीबोर्ड घे, दोन्ही मिळून अर्धा किलोच्या आत बसतात. लॅपटॉपमध्ये वाचवलेलं वजन इथे खर्च कर. माझी डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता सकाळी तासभर जागं होत नाही. तुला सांगितलं नव्हतं. मानेचं आहे म्हणतात. घाबरू नकोस, व्यायाम चालू आहेत, आणि तुला घाबरवायला लिहीत नाहीये... थोडं तसंच आहे खरं तर. पण तुझ्या कामाला मी कमी लेखते असं मनात आणू नकोस. त्या विणकर बाईंची तू केलेली सहा मिनिटांची फिल्म मी किती वेळा बघितली ते बाबांना विचार. शेवटी तिचे हात आणि मग नुसता आवाज, तो कट तू कुठून शिकलीस?

काल कपाटातून तुझी जुनी कॉलेजची बॅग काढली. ए-फोर कागदाची ७५ जीएसएमची (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) पाचशे कागदांची एक रीम २.३४ किलोची भरते, हे आमच्या धंद्यात तोंडपाठ असतं, तुझ्या पहिल्या लिंकच्या लॅपटॉपएवढी. ती रीम बॅगेत घातली, चार्जरचे म्हणून वर दीडशे कागद घातले, बॅग खांद्याला लावली आणि जिना चार वेळा चढले-उतरले. चौथ्या वेळी बाबांनी बॅग काढून घेतली. ती तशीच भरून दाराशी ठेवलीये. रविवारी येते आहेस ना, आधी ती उचल, मग बसून ऑर्डर कर, मी शेजारी बसेन आणि तू विचारल्याशिवाय बोलणार नाही.

आई