ताई, हाउक वाचायला लावल्याबद्दल थँक्यू

ताई,

फोनवर तू बोलूच देत नाहीस, "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता गपचूप वाच. थिसिस सबमिट झाला. त्यातल्या आभारांत गाइड, फेलोशिप, आईबाबा, मेसचे काका सगळे आले आणि तुझ्या वाट्याला एकच ओळ आली, ती मला काही केल्या पुरेना.

तुला आठवतच असेल माझी ती अझाइड (तीन नायट्रोजनची साखळी) आणि इंटर्नल (तिहेरी बंध टोकाला नसून मध्ये असलेल्या) अल्काइनची रिअ‍ॅक्शन. नेहमीचं कॉपर कॅटलिस्ट तिथे चालत नाही, त्यामुळे नुसतं तापवायचं आणि दर वेळी दोन आयसोमर (अणू तेच, जोडणी उलटी), साधारण 2 ला 1. टीएलसीवर (मिश्रणात काय काय आहे ते दाखवणारी पट्टी) दोन ठिपके एकमेकांना चिकटून, ते वेगळे काढायला कॉलम लावून लावून मी वैतागलेलो. सॉल्व्हंट बदल, टेम्परेचर बदल, सगळे देव करून झाले होते. तू आलीस, नोटबुक चाळलंस आणि म्हणालीस, कॉलम सोड, आधी केंडल हाउक, तो थिअरीवाला केमिस्ट, वाच, आणि एक पेपर नको, माणूस पहिल्यापासून वाच.

मला तेव्हा राग आला होता खरं सांगतो. आपल्याकडे थिअरीवाला म्हणजे फ्लास्क न धरता केमिस्ट्री करणारा असंच समजतात ना! पण हा माणूस 1968 साली हार्वर्डला वुडवर्डच्या हाताखाली पीएचडी झालेला, वुडवर्ड-हॉफमनचे (ऑर्बिटलवरून रेणू कसे जुळतील ते सांगणारे) नियम नुकतेच आले होते तेव्हा, आणि ट्रोपोन-सायक्लोपेंटाडाइनच्या रिअ‍ॅक्शन स्वतः करून बघितलेला. मग लुईझियाना, पिट्सबर्ग आणि 1986 पासून यूसीएलए. पेपर हजाराच्या वर, ते सगळे काही मी वाचले नाहीत, तूही नसशील वाचलेस :)

पण तू त्याचे 1973 आणि 2007 चे पेपर लागोपाठ वाचायला दिलेस ना, ते फार भारी केलंस. 1973 मध्ये तो 1,3-डायपोलर सायक्लोअ‍ॅडिशनचं (अझाइडसारखा डायपोल अल्काइनसारख्या रेणूशी जुळून रिंग होते त्याचं) कोडं, म्हणजे कुठलं टोक कुठे जुळणार, ते होमो-लुमोने (सगळ्यात वरचं भरलेलं आणि सगळ्यात खालचं रिकामं ऑर्बिटल) सोडवतो, कुठल्या टोकाचा कोइफिशियंट, म्हणजे ऑर्बिटलमधला वाटा, मोठा ते बघा, मोठं टोक मोठ्या टोकाला जुळतं, झालं. आख्ख्या जगाने ते उचललं, आपल्या एमएस्सीच्या नोट्समध्येपण तेच आहे. दुसरा कोणी असता तर त्यावरच जन्म काढला असता. आणि हाच माणूस 2007 मध्ये एस नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याच रिअ‍ॅक्शन्सकडे परत येतो आणि म्हणतो, थांबा, इथिलिन घ्या नाहीतर अ‍ॅसिटिलिन, प्रॉडक्टच्या स्थिरतेत एवढा फरक असूनही बॅरियर (चढावी लागणारी एनर्जीची टेकडी) जवळपास सारखाच का येतो? तर बहुतेक एनर्जी त्या डायपोलला वाकवण्यातच जाते. डिस्टॉर्शन. सायक्लोऑक्टाइन (आठ कार्बनच्या रिंगमधलं अल्काइन) कॉपरशिवाय का पळतं तेपण मग कळलं, ते रिंगमध्ये आधीच वाकलेलं असतं, वाकवायचा खर्च कमी. स्वतःच्या गाजलेल्या उत्तराशेजारी चौतीस वर्षांनी दुसरं उत्तर आणून ठेवायला जिगर लागते राव.

मला अजून आवडलं ते सायक्लोब्युटीनचं (चार कार्बनची रिंग). रिंग उघडताना ग्रुप आत वळणार की बाहेर, त्याला टॉर्कोसिलेक्टिव्हिटी नाव दिलं, आणि फॉर्मिल ग्रुप आत वळेल असं कॅलक्युलेशनवरून आधी सांगून टाकलं, जागा आत कमी असूनही. मग रेणू बनवून तपासला, तर वळला की आत! (2008 मधलं डेव्हिड बेकरबरोबरचं कॉम्प्युटरवर नवीन एन्झाइम रचायचं काम, त्यावर लिहायला बसलो तर हे पत्र संपायचं नाही.)

आणि मग ती संध्याकाळ. तू माझ्या रेणूची ट्रान्झिशन स्टेट (त्या टेकडीचा माथा) कॉम्प्युटरवर काढून दिलीस, एकच निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी (माथ्याची खूण), त्यावर क्लिक केलंस आणि स्क्रीनवर अझाइडची दोन टोकं अल्काइनकडे जातायत, मागे येतायत, परत जातायत, आणि सरळ असलेलं अझाइड मध्ये चांगलंच वाकतंय. इतके दिवस फ्लास्कमध्ये काय चाललंय ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो. दुसऱ्या आयसोमरचा बॅरियर काढला तर फरक जेमतेम अर्धा किलोकॅलरी. शंभर डिग्रीला त्याने 2 ला 1 च मिळणार, माझ्या कॉलमने काय केलं असतं! तू म्हणालीस आता सॉल्व्हंटशी भांडू नकोस, सब्स्टिट्युएंट (रेणूला जोडलेला ग्रुप) बदल. एका बाजूला एस्टर लावला आणि मुख्य आयसोमर नीट वेगळा काढता आला. थिसिसचं तिसरं चॅप्टर म्हणजे तेवढंच आहे, आणि व्हायव्हात बहुतेक त्याच्यावरच विचारणार.

स्वतःचा पोस्टडॉकचा अर्ज अर्धवट असताना तू माझ्या इनपुट फाइली दुरुस्त करत बसायचीस, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, आता स्वतः अर्ज लिहायला बसलोय तेव्हा कळतंय. थँक्यू ताई, मनापासून.

जाता जाता एक. लॅबमध्ये नवीन मुलगी आलीये, हुशार आहे, मी तिला गॉसियन (ही कॅलक्युलेशन करायचं सॉफ्टवेअर) शिकवतोय आणि ती रोज विचारते की बी3एलवायपीच (त्यातली एक गणिती पद्धत) का, दुसरं का नाही. माझ्याकडची उत्तरं संपली. तुझा नंबर दिलाय, रविवारी फोन करेल, उचल.

तुझा,
शेजारच्या फ्युमहूडवाला