ज्याचा माल यार्डात, त्याला मत का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बाजूच्या गावचा एक कास्तकार यावेळी बाजार समितीच्या निवडणुकीला उभा राहतोय. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर अन् थोडी पऱ्हाटी, म्हातारी आई, बायको, कॉलेजातली पोरगी, सगळे वावरात राबतात. पॅनल नाही, पक्ष नाही, गाडी नाही. लोकं विचारतात याला काय समजते कायद्यातलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

त्याच्याकडे एक जाड वही आहे. माल विकला की हिशेबपट्टी त्यात चिकटवतो आणि बाजूला पेनानं लिहितो, माल किती वाजता उतरवला, हर्रास म्हणजे लिलाव किती वाजता झाला, ओलावा किती सांगितला, कटती म्हणजे वजनातली घट किती धरली, हमाली-तोलाई किती कापली. दहा वर्षांच्या पट्ट्या आहेत त्यात. मी स्वतः पाहिलं, एका पानावर लिहून आहे, घरून निघताना ओलाव्याच्या मीटरवर 11.6 टक्के, बाजार समितीच्या यार्डात त्याच मालाचे 14. हे ज्यानं दहा वर्षं लिहून ठेवलं त्याला बाजार समिती समजत नाही तर कोणाला समजते?

माझंही सांगतो. 2024 च्या दिवाळीआधी 14 क्विंटल सोयाबीन नेलं. हमीभाव होता क्विंटलला 4,892. पण सरकारी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता, म्हणून यार्डात नेलं, व्यापाऱ्यांनी ढेरात मूठ घातली, दोन दाणे दाताखाली फोडले अन् 3,900 बोलले. मी म्हटलं थांबतो, उद्या देतो. शेडमध्ये व्यापाऱ्यांच्या पोत्यांची थप्पी लागलेली, आमचा माल उघड्यावर. रात्री पाऊस आला. एक ताडपत्री, ती पण फाटकी, मी आणि पोरगा चारी कोपरे धरून बसलो तरी खालून पाणी गेलंच. सकाळी त्याच मालाचे 3,400 झाले. ऑफिसात गेलो तर शेडचं बघतो म्हणाले. नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ओलाव्याची अट 15 टक्के केली, तोवर आमच्यासारख्यांचा माल विकूनही झाला होता, कारण रब्बीचं बियाणं घ्यायचं होतं आणि दुकानदार थांबत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. 2017 साली सरकारनं कायदा बदलला होता, ज्याच्या नावावर 10 गुंठे जमीन आहे आणि ज्यानं पाच वर्षांत तीनदा त्या बाजार समितीत माल विकला, त्याला मतदानाचा हक्क दिला. 2020 मध्ये दुसरं सरकार आलं अन् तो काढून घेतला, निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपत नाही हे कारण. मग 2023 च्या निवडणुकीत शेतकऱ्याला उभं राहता आलं पण मत मात्र देता आलं नाही. मत कोणाला, तर गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. आमच्या गावात सोसायटीचे 13 आणि ग्रामपंचायतीचे 9 म्हणजे 22 जण, आणि सातबारावाले खातेदार तीनशेच्या वर. 22 जणांना सांभाळणं सोपं असते साहेब, निवडणुकीच्या आधी गाड्या भरून सहलीला नेतात हे पोराबाळांनाही माहीत आहे. तीनशे खातेदारांना कोणी सहलीला नेऊ शकत नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर बाजार समितीचा सेस आमच्याच मालावर गोळा होतो ना, मग आमच्या मतासाठीच पैसा कसा काय पुरत नाही?

हे आपल्या वऱ्हाडात व्हावं याचं जास्त वाईट वाटते. कारंजा लाडला 1886 मध्ये देशातली पहिली नियमाखालची कापसाची बाजारपेठ झाली, 1897 चा पहिला बाजार कायदाही वऱ्हाडचाच. पापळच्या शेतकऱ्याच्या घरातले पंजाबराव देशमुख दिल्लीत देशाचे कृषिमंत्री झाले. आणि तिकडे अमेरिकेत टेक्सास, आयोवा, जॉर्जिया अशा राज्यांत कृषी खात्याचा प्रमुखच लोकं थेट मत देऊन निवडतात, शेतकरी स्वतः उभे राहतात, टेक्सासात तर धंद्याच्या काट्यांची तपासणीही त्याच खात्याकडे आहे. आम्ही एवढं मोठं मागतच नाही. आमच्या तालुक्याच्या काट्यापुरतं मत द्या.

तो निवडून आला तर काय करणार ते त्यानं सांगितलं आहे. शेड आधी शेतकऱ्याच्या मालाला, मीटर सगळ्यांच्या समोर लावायचा आणि आकडा पट्टीवर लिहायचा, रोजचे भाव गेटवर फळ्यावर. एवढंच. कर्जमाफी आणतो असं तो म्हणत नाही कारण ते त्याच्या हातात नाही, आणि हेच मला सगळ्यात पटलं.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात भावाची बातमी रोज येते, एकदा सीझनमध्ये सकाळी सहाला तुमचा माणूस कोणत्याही यार्डात पाठवा आणि शेडमध्ये कोणाची पोती आहेत त्याचा फोटो छापा. आणि सातबारावाल्याच्या मताचा विषय लावून धरा, आमदारांना विचारा.

मला त्याला मत देता येत नाही. गावातल्या त्या 22 जणांकडे मात्र रोज संध्याकाळी त्याची वही घेऊन जातो, 17 जणांकडे जाऊन झालं, पाच राहिलेत.

आपला,
एक कास्तकार, जि. यवतमाळ