काकांच्या स्कूटरमध्ये कुठलं पेट्रोल भरू?

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली

विषय : जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई-10 (10 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल ठेवण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

पुण्यात माझं दुचाकींचं छोटं गॅरेज आहे. पावसाळ्यात एक पेन्शनर काका 2013 ची स्कूटर ढकलत घेऊन आले. महिनाभर सोसायटीच्या शेडमध्ये उभी होती, किक मारून मारून दमले. कार्बोरेटर उतरवला, फ्लोट चेंबरचा खालचा स्क्रू सैल केला, तर आधी ताकाच्या निवळीसारखं गढूळ पाणी आलं आणि मग पेट्रोल. नीडलचं रबरी टोक फुगलेलं.

बिघडलेल्या प्रत्येक गाडीचं खापर मी इथेनॉलवर फोडत नाही. तीन-तीन वर्षं एअर फिल्टर न बघता ‘ते तुमचं ऊसवालं पेट्रोल’ म्हणत येणारी गिऱ्हाइकं रोज असतात, त्यांना मी सरळ झापतो. पण काकांच्या गाडीतलं पाणी खरं होतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ती एका मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. रोज पळणाऱ्या गाडीत तेवढा वेळच मिळत नाही. उभ्या गाडीत मिळतो.

गिऱ्हाइकांना दाखवायला मी 100 मिलीची काचेची नळी आणून ठेवली आहे. 90 मिली पेट्रोल, 10 मिली पाणी, बूच लावून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. खालचा थर 10 वर राहत नाही, 27-28 पर्यंत चढतो. वर चढलेलं ते सगळं इथेनॉल. पेट्रोलमध्ये काय आहे हे कळायला माझ्याकडे एवढाच उपाय, कारण मी जिथे भरतो त्या पंपावर त्याचा साधा स्टिकरही नाही.

इथेनॉलला माझा विरोध नाही. सासुरवाडी इंदापूरकडची, मेहुणा कारखान्याला ऊस घालतो. मळीचं इथेनॉल करून कारखान्याच्या हातात पैसा खेळला तर उसाचं बिल वेळेवर निघण्याची आशा असते, हे घरात ऐकतोच. (एक लिटर इथेनॉलच्या उसाला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं, असंही नीती आयोगाने लिहून ठेवलंय. ते मेहुण्यासमोर बोलायची सोय नाही.)

माझं म्हणणं आयोगाच्या त्याच 2021 च्या अहवालाबद्दल आहे. ई-20 आल्यावरही जुन्या गाड्यांसाठी ई-10 मिळत राहावं, असं त्यात म्हटलं होतं. दुचाकींचं ॲव्हरेज 3 ते 4 टक्क्यांनी घटेल हेही होतं, आणि ती घट भरून निघावी म्हणून असं पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं असंही. मिश्रण 2030 ऐवजी 2025 मध्येच 20 टक्क्यांवर पोहोचलं, त्याचं कौतुक झालं. ई-10 मात्र गेलं आणि भाव होता तिथेच राहिला.

3-4 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. माझ्याकडे डिलिव्हरीवाली पोरं येतात, रोज दोन लिटर जाळतात. महिन्याला 60 लिटर. त्यातले चार टक्के म्हणजे 2.4 लिटर, पुण्याच्या भावाने अडीचशे रुपये. माझ्याकडे तेवढ्यात मजुरीसकट ऑइल बदलून होत नाही.

ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची ताकद, वाढलं, असं तुमच्याकडून सांगितलं जातं. खरं आहे. पण वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा उचलायला इंजिनही तसं लागतं. 2013 च्या स्कूटरचा पिस्टन तोच, कॉम्प्रेशन तेच. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, ती कमीच राहणार. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील ई-20 च्या हिशोबाने आले. त्याआधीच्या गाड्यांवरच माझं गॅरेज चालतं.

इथेनॉलच आता स्वस्त राहिलेलं नाही, हेही कळतं. तुमच्याच खात्याने 2025 मध्ये सरासरी खरेदीदर लिटरला 71.32 रुपये सांगितला होता. मग अशा पेट्रोलवरचा कर कमी करा, आयोगानेही तोच मार्ग सुचवला होता.

पंपावर ई-10 साठी वेगळी नळी ठेवणं अवघड आहे, असं कृपया पुणेकरांना सांगू नका. 5 जून 2021 ला खुद्द पंतप्रधानांनी याच शहरात तीन ठिकाणी निव्वळ इथेनॉलच्या, ई-100 च्या पंपांचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला होता. ब्राझीलमध्ये तर एकाच पंपावर पेट्रोल आणि इथेनॉल शेजारी-शेजारी असतं. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत आहे का, ते बघून लोक नळी निवडतात.

काकांची गाडी झाली. टाकी रिकामी केली, नीडल आणि ओ-रिंग बदलली, जेट फुंकून साफ केले. जाताना त्यांनी विचारलं, ‘आता कुठल्या पंपावर भरू?’ मला सांगता आलं नाही. आपल्या कार्यालयाने तेवढं कळवावं. पोस्टकार्डही चालेल.

आपला,
एक गॅरेजवाला, पुणे