आमच्या पोडावर परत आलेल्या संशोधक ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रबंध विद्यापीठात जमा झाल्याचं कळलं आणि फार आनंद झाला. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हालाच ते आवडणार नाही. पण मी, इथली आशा कार्यकर्ती, पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आई आणि बाळाच्या आरोग्याचा अभ्यास करायला विदर्भातल्या खेड्यांत पुष्कळ लोक येतात. तुम्ही इथे काय केलंत, ते त्यांच्याही कानावर जावं असं मला वाटतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या झरी जामणी तालुक्याला सर्व्हे नवे नाहीत. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, तर कोणी ना कोणी वही घेऊन येतच असतं. फॉर्म भरतात, फोटो काढतात, निघून जातात. पुढे काय निघालं ते पोडावर सांगायला कोणी येत नाही. म्हणूनच एक म्हातारी तुम्हाला तोंडावर म्हणाली होती, "तुमी लिवून नेसान, आमाले काय भेटीन?" तिला खोटा शब्द दिला नाहीत, याचे पहिले आभार.

तुमचे प्रश्नही वेगळे होते. बाळंतपण कुठे झालं, डोस दिले का, हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारलंत, तपासणीला गेलं की त्या दिवसाची मजुरी किती बुडते? दवाखान्यात बसायला सांगतात की उभंच ठेवतात? घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं आणि तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं? एका घरी तर सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तुम्ही चुलीपाशी बसून राहिलात. सासरा, नवरा, दीर, मग पोरं. सातव्या महिन्यातल्या सुनेच्या वाट्याला आली ज्वारीची अर्धी भाकर, मिरचीचा ठेचा आणि वरणाचं नुसतं पाणी. तिच्या कार्डावर लोहाच्या गोळ्या दिल्याची नोंद होती. रिकाम्या पोटी गोळीने मळमळतं, आणि मळमळलं की कापसाची वेचणी होत नाही, म्हणून गोळ्या फडताळात तशाच पडून होत्या. रिपोर्टात अशा बाईबद्दल "गोळ्या घेत नाही" एवढंच जातं. तुम्ही त्याच्या पुढे तिचं ताट लिहिलंत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या ४५.७ टक्के गर्भवतींना रक्तक्षय निघाला, हा आकडा आम्हाला माहीत होता. पण त्यातला एक घास कुठे कमी पडतो, हे इतक्या जवळून कोणी बघितलं नव्हतं.

आणि ती पावसाळ्यातली रात्र. पोडावरच्या बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही माझ्याच घरी मुक्कामाला होता. फोनला रेंज नाही, म्हणून तिचा दीर टेकडीवर गेला. गाडी आली, पण नाल्याच्या रपट्यावरून पाणी चाललेलं, ती पलीकडेच थांबली. बाईला खाटेवरून उतरवून नेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवलं, तिथे रक्त मिळायला वेळ गेला. या सगळ्या धावपळीत तुम्ही एका कागदावर फक्त वेळा टिपत होता. कळा कधी सुरू झाल्या, न्यायचं कधी ठरलं, गाडी कधी आली, नाला कधी ओलांडला, डॉक्टरांनी कधी हात लावला. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, हिला आता लिहायचं सुचतंय कसं? सकाळी पुढच्या दवाखान्यात कोणीतरी नेहमीचं वाक्य बोललं, "हे लोक उशिराच आणतात." तेव्हा तुम्ही तो कागद पुढे केलात. घरच्यांनी ठरवायला थोडाच वेळ घेतला होता. बाकी सगळा वेळ नाल्याने, गाडीने आणि दवाखान्याने घेतला होता. आजवर असा उशीर आमच्या बायांच्या अडाणीपणाच्या खात्यावर लिहिला जायचा. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या बायांची बाजू कागदावर मांडलेली मी पहिल्यांदा पाहिली. आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पोरगी आता रांगते.

गडचिरोलीची हकीकतही तुमच्याकडूनच कळली. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो, बाळाचं वजन करतो, ताप बघतो, श्वास मोजतो. हे काम वरून आलेलं आहे असंच मी धरून चालले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, त्यांच्या हातून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून ते देशभरातल्या आशांचं काम झालं, हे ऐकून आम्हा सगळ्याजणींची मान ताठ झाली. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, त्यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी छापली होती. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आजार अंगावर काढणाऱ्या माझ्या सासूची आठवण झाली मला.

पण सगळ्यांत मोठे आभार तुम्ही परत आलात त्याचे. प्रबंध जमा करायच्या आधी तुम्ही शाळेच्या फळ्यावर तक्ता काढलात. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. राज्य पुढे आहे आणि आमच्या गावाचे एकूण आकडेही बरेच दिसत होते. तुम्ही ते वस्तीवार फोडलेत. मूळ गाव, बौद्ध वस्ती, पारधी बेडा, कोलाम पोड. तपासण्या, बाळांची वजनं, गर्भवतींना मिळणारे मातृवंदना योजनेचे पैसे, प्रत्येक ओळीत पोडाचाच रकाना सगळ्यांत मागे निघाला. पोडावरच्या बाया मागे दाराशी बसल्या होत्या. त्या पुढे येऊन बसेपर्यंत तुम्ही बोलायला सुरुवात केली नाही. कोणाचं नाव घेतलं नाहीत, कोणाला दोष दिला नाहीत, आणि तरीही सरपंचांना उठून बोलावंच लागलं.

त्यानंतर तपासणी पोडावर होते, तीही वेचणीच्या दिवसांत उन्हं कलल्यावर. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, म्हणून अडकलेले मातृवंदनेचे हप्ते काहीजणींचे सुटले. काहींचे अजून सुटायचे आहेत. पूल झालेला नाही. ग्रामसभेने ठराव केला आहे आणि त्याला तुमच्या त्या रात्रीच्या वेळांच्या कागदाची प्रत जोडली आहे.

मराठी प्रत पाठवते म्हणालात, ती पाठवाल तेव्हा वस्तीवार तक्ता मोठ्या अक्षरांत वेगळा छापून द्या. उपकेंद्रात नव्या सिस्टर आल्या आहेत, त्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवायचा आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी किती घरांत राहिली, तो रकाना आम्ही दोघी मिळून भरू.

तुमची,
पोडावरची आशाताई