जुनी कपाटं रद्दीत घालू नकोस

इंदूर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या लॉ कॉलेजची लायब्ररी तुझ्याकडे आली आणि समितीचा पहिला प्रश्न ‘जुनं किती काढता येईल?’ असा! अरे, वारसाचा नाहीतर जमिनीचा दावा मागे गेला की त्या काळचाच कायदा बघावा लागतो.

तुमच्याकडे तर कायद्याचे तीन थर. 1949 च्या विलीनीकरणापर्यंत गायकवाडी कायदे: बालविवाहबंदीचा 1904 चा, हिंदू घटस्फोटाचा 1931 चा. मग मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 पासून गुजरात. मुंबई हायकोर्टाचे त्याआधीचे निवाडे गुजरात हायकोर्ट बंधनकारक मानतं. म्हणून निवाडे छापणारी इंडियन लॉ रिपोर्ट्सची 1876 पासूनची मुंबई मालिका आणि 1899 पासूनचा बॉम्बे लॉ रिपोर्टर, हे तुमचं घरचं धान्य. पाठ्यपुस्तक पुढच्या वर्षीही मिळेल, गहाळ खंड मिळेलच असं नाही. पैसे आधी तिथे घाल.

खरा घोळ बाइंडिंगमध्ये होतो. एआयआरच्या, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निवाड्यांच्या मासिकाच्या, अंकात प्रत्येक कोर्टाचा विभाग वेगळा आणि पृष्ठांकही वेगळा. बाइंडरने अंक आले तसे शिवले, की ‘एआयआर 1973 एससी 1461’ (1973 चा अंक, सुप्रीम कोर्टाचा विभाग, पान 1461; केशवानंद भारती खटल्याचा निवाडाच तो!) शोधणारा बारा अंकांत चाचपडत बसतो. अंक सोडवून कोर्टवार गठ्ठे लाव, पानं ओळीने तपास, आणि वार्षिक सूची हाती येईपर्यंत शिवायला देऊ नकोस. आतला समास कमी असेल तर कडेने टोचून शिवू देऊ नकोस. झेरॉक्ससाठी दाबलं की पाठ फुटते.

चामडी पाठीला लाल भुकटी सुटली असेल तर तेल चोळायचं नाही. चामडं सावरत नाही, डाग मात्र पानात उतरतो. अ‍ॅसिड नसलेल्या कागदात गुंडाळून सुती फितीने बांध. रबर नको, वितळून चिकटतं.

90 सेंटिमीटरच्या फळीवर पाच सेंटिमीटर जाडीचे अठरा खंड बसतात. खंड दोन किलोचा धरला तरी छत्तीस किलो. पातळ लाकडी फळी मधे वाकणारच. बंद झालेली मालिका सलग लाव, चालू मालिकेच्या शेवटी पाचेक वर्षांची जागा रिकामी सोड, नाहीतर दर वर्षी अख्खी रांग सरकवत बसशील.

भारतीय दंड संहितेचं कपाटही हलवू नका. तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनंच कलम. दोन्ही शेजारी ठेव आणि मधे कलमांचा तक्ता टांग: 302 चं 103, 420 चं 318(4). मुलं रोज तेच विचारतात.

जमलं तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशा बघून ये. वरचा उजेड खालच्या रॅकपर्यंत पोचतो, आणि तुमच्या तळमजल्याला नेमकी तीच अडचण आहे.

गहाळ खंडांची यादी वर्ष आणि खंड क्रमांकासह पाठव. इथल्या जुन्या वकिलांच्या घरी विचारून ठेवतो.

तुझा,
मोरेश्वर